गाभाऱ्यातील वेध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आहे, त्यांच्या गणिताच्या वर्गात मी सुमारे साठ वर्षांपूर्वी बसलो होतो. गणितात माझी गती यथातथाच राहिली आणि पुढे मराठीच्या अध्यापनात मी आयुष्य घालविले, यात त्यांचा दोष नाही. त्यांची एक सवय मात्र मनात पक्की बसली आहे. उत्तर बरोबर आले तरी ते अर्धेच गुण देत. "उत्तर शेजारच्याच्या पाटीवरही सापडते, मला तुझ्या पायऱ्या दाखव," असे म्हणत. आणि उत्तर चुकले असेल तर फळा पुसू देत नसत. पाय कोणत्या पायरीवर घसरला हे सापडेपर्यंत फळा तसाच राहायचा.

आजचा विषय फळा न पुसण्याचाच आहे. फक्त फळा संगणकाचा आहे. भाषेच्या माणसाने या वाटेला का जावे, असे काहींच्या मनात येईल. माझा एक माजी विद्यार्थी बेंगळुरू येथे संगणकाच्या अंतर्भागावर काम करतो. दर दिवाळीला तो उज्जैनला आला की आमच्या ओसरीवर बसतो, आणि मी त्याला प्रश्न विचारतो. गेल्या काही दिवाळ्यांत जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो आहे. समजुतीत कुठे चूक राहिली असेल तर ती माझी.

आरंभ एका क्षुल्लक अनुभवाने करतो. काही वर्षांपूर्वी, ज्या ठिकाणी माझे निवृत्तिवेतन जमा होत असे तेथील यंत्र महिन्याच्या पहिल्या तारखेला, नेमके गर्दीच्या वेळी, थिजून जाई. पडदा दिसे, पण कळफलक दाबून काही होत नसे. रांगेत पंचाहत्तरी गाठलेली माणसे उभी असत. मग एक तंत्रज्ञ येई, यंत्र बंद करी, पुन्हा सुरू करी, आणि "आता चालू आहे" असे म्हणून निघून जाई. पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा तेच. त्याला मी एकदा विचारले, "पण बिघडले काय होते?" तो म्हणाला, "सर, ते आता कसे कळणार? आता तर ते चालू आहे." तो खरे बोलत होता. यंत्र पुन्हा सुरू करणे म्हणजे फळा पुसणे. बिघाडाच्या क्षणी आत काय चालले होते याचा पुरावा त्या एका कळीबरोबर नाहीसा होतो, आणि महिन्याभराने रांगेतला एखादा वृद्ध पुन्हा भिंतीला टेकून उभा राहतो.

आता हे 'आत' म्हणजे कोठे, ते पाहू. संगणकावर आपण जे जे पाहतो, म्हणजे लिहिण्याचे साधन, हिशेबाचे कोष्टक, पत्रव्यवहार, ते सारे कार्यक्रम होत. या सर्वांच्या खाली एक मूळ कार्यक्रम अखंड चालू असतो. प्रक्रियकाचा वेळ कोणाला किती द्यायचा, स्मृतीचा कोणता भाग कोणाचा, तबकडीवरून काय वाचायचे, हे तो ठरवितो. इंग्रजीत त्याला 'कर्नेल' म्हणतात. (शिंदेशाहीच्या मुलुखात कर्नल म्हटले की मिशा आणि तलवार डोळ्यांपुढे येते, त्याला इलाज नाही.) मी त्याला 'गाभा' म्हणतो. हा शब्द मी केवळ सोयीने घेतलेला नाही. गाभा आणि गाभारा हे दोन्ही शब्द 'गर्भ'पासून आलेले, आणि येथील व्यवस्थाही देवळासारखीच आहे. साधे कार्यक्रम सभामंडपात उभे असतात, गाभाऱ्यात त्यांना प्रवेश नसतो. जे हवे ते उंबरठ्याशी मागायचे, आतून ते आणून दिले जाते. ही मर्यादा नसती तर एका कार्यक्रमाच्या चुकीने सारे देऊळ कोसळले असते.

मर्यादेची दुसरी बाजूही आहे. गाभाऱ्यात काही बिघडले तर सभामंडपातून ते दिसत नाही. वरच्या कार्यक्रमात चूक असेल तर त्याला मध्येच थांबवून तपासता येते. गाभा थांबविला तर सारेच थांबते, तपासणाराही.

यावरचा जुना उपाय म्हणजे दवंडी. गाभ्याच्या मजकुरात संशयाच्या जागी एक ओळ घालायची: 'मी येथवर आलो, अमुक संख्या अमुक आहे.' मग गाभा पुन्हा बांधायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचे, आणि दवंडी ऐकत बसायचे. यात दोन अडचणी होत्या. पहिली उघड आहे: पहिल्या तारखेच्या गर्दीत कोण गाभा पुन्हा बांधू देणार? दुसरी अधिक सूक्ष्म. गाभ्यात अनेक कामे एकाच वेळी चालतात, आणि कित्येक बिघाड दोन कामे क्षणाच्या लक्षांशात एकमेकांवर आदळल्याने होतात. दवंडी पिटण्यास वेळ लागतो. तेवढ्या वेळाने कामांचा क्रम बदलतो, टक्कर चुकते, आणि बिघाड अदृश्य होतो. दवंडी काढली की तो परत हजर. वर्ग-निरीक्षक आले की सर्वांत व्रात्य विद्यार्थी हात जोडून बसतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

म्हणून हवे होते ते असे: चालू गाभ्यात, न थांबता, हव्या त्या जागी डोकावता यावे, आणि पाहत नसताना त्याचा भार जवळजवळ शून्य असावा.

या कथेत आपल्या देशातील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. लिनक्स हा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्याचा मजकूर सर्वांना खुला आहे. त्यातील 'केप्रोब्स' नावाच्या भागाच्या शिरोभागी, जुन्या पोथीच्या शेवटी लेखकू आपले नाव आणि शक घालीत तशी, एक नोंद आहे. ती सांगते की ऑक्टोबर २००२ मध्ये वम्सी कृष्ण एस. यांनी हे साधन प्रथम सिद्ध केले. २००४ मध्ये प्रसन्न पंचमुखी आणि सुपर्णा भट्टाचार्य यांनी त्यात भर घातली. ही मंडळी आयबीएमच्या भारतातील शाखेत काम करीत. ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.९ या आवृत्तीत केप्रोब्स मूळ लिनक्समध्ये समाविष्ट झाले.

त्याची युक्ती मला फार सुंदर वाटली. गाभ्याच्या आज्ञा स्मृतीत ओळीने मांडलेल्या असतात. जेथे पाहायचे तेथील आज्ञा बाजूला जपून ठेवायची आणि तिच्या जागी एक 'थांब' अशी आज्ञा बसवायची. इंटेलच्या प्रक्रियकावर ही आज्ञा अवघ्या एका बाइटची असते. प्रक्रियक तेथे पोहोचला की थबकतो, आपण लिहिलेला तपासनीस धावतो, काय पाहायचे ते टिपून घेतो; मग जपून ठेवलेली मूळ आज्ञा पार पाडली जाते, आणि काम पुढे चालू होते. पाहून झाले की मूळ आज्ञा परत जागेवर. गाभा पुन्हा बांधावा लागत नाही, यंत्र बंद करावे लागत नाही. सुपर्णा भट्टाचार्य यांची भर अशी की एखाद्या उपक्रमाला हाक मारताना त्याच्या हाती कोणत्या वस्तू दिल्या, हेही सहज वाचता यावे.

मराठीत 'वेध' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कर्णवेधातला वेध म्हणजे भोक पाडणे, आणि वेधशाळेतला वेध म्हणजे निरीक्षण. केप्रोब्स हा पहिल्या अर्थाने वेध होय. हवे तेथे टोचावे आणि पाहावे. यात विलक्षण स्वातंत्र्य आहे, आणि जोखीमही. विजेच्या तारेवर आकडा टाकून दिवा लावणाऱ्याला मीटर लागत नाही, अर्ज लागत नाही. पण उद्या मंडळाने तार हलविली तर त्याला कोणी कळवायचे? गाभ्याचा मजकूर जगभरातील हजारो लोक सतत बदलत असतात. आज ज्या उपक्रमावर आपण आकडा टाकला, तो पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या नावाने असेल, दोन तुकड्यांत विभागला असेल, किंवा नसेलच. मग वर्षभर विश्वासाने वापरलेले तपासणीचे साधन मुके होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे बोलू लागते.

दुसरा मार्ग असा की गाभा लिहिणाऱ्यांनीच काही जागा निवडाव्यात, तेथे कायमच्या खुंट्या ठोकाव्यात आणि प्रत्येकीला नाव द्यावे. येथे काम बदलते, येथे तबकडीकडे मागणी जाते, येथे घड्याळाचा टोला पडतो. ज्याला पाहायचे असेल त्याने खुंटीला आपला कंदील अडकवावा. हा वेधशाळेचा मार्ग.

गुरुजी आम्हांला वर्षातून एकदा क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत नेत. सवाई जयसिंहाने आपली यंत्रे दगडविटांची का केली, याचे कारण ते सम्राट यंत्राच्या सावलीत उभे राहून सांगत: धातूची लहान यंत्रे झिजतात, त्यांचे आस ढळतात, आणि मग कालचा वेध आजच्या वेधाशी जुळत नाही. सम्राट यंत्राची उतरती भिंत क्षितिजाशी उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंश १० कलांचा कोन करते. ती जागची हलत नाही, म्हणूनच दोन पिढ्यांचे वेध शेजारी मांडता येतात. पुढे ही यंत्रे मोडकळीस आली, आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत त्यांची दुरुस्ती झाली. त्या कामात आणि पुढे वेधशाळेच्या व्यवस्थेत गोविंद सदाशिव आपटे यांनी जे केले ते येथील जुन्या घरांना माहीत आहे. दुरुस्ती करताना कोन बदलून चालले नसते, एवढेच येथे लक्षात घ्यायचे.

गाभ्यातल्या खुंट्यांचा इतिहास दीर्घ आणि वादाचा आहे. करीम याघमूर यांनी १९९९ मध्येच लिनक्ससाठी असे साधन केले होते, परंतु मूळ गाभ्यात त्याला वर्षानुवर्षे जागा मिळाली नाही. दरम्यान सन कंपनीच्या ब्रायन कॅन्ट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेंथल या तिघांनी 'डीट्रेस' सिद्ध केले. २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर ते सर्वांच्या हाती आले, आणि ऐन धावपळीतल्या यंत्रातही निर्धास्तपणे डोकावता येते हे जगाला पटले. लिनक्समध्ये माँट्रियलच्या मातियू देनोयेर यांनी प्रथम खुणा आणि नंतर 'ट्रेसपॉइंट' आणले. हे दुसरे २००८ च्या अखेरीस, २.६.२८ या आवृत्तीत. त्याच सुमारास स्टीव्हन रोस्टेट यांचे 'एफट्रेस' आले, आणि पुढे खुंटीची घोषणा करण्याची त्यांनी बसविलेली पद्धत रूढ झाली.

भाराचा प्रश्न कसा सुटला, तेही सांगण्याजोगे आहे. आरंभी प्रत्येक खुंटीपाशी प्रक्रियकाला विचारावे लागे, 'कंदील अडकविला आहे काय?' प्रश्न छोटा, पण सेकंदाला लाखो वेळा विचारला तर महाग. मग असे ठरले की प्रश्नच विचारायचा नाही. खुंटीच्या जागी एक निष्क्रिय आज्ञा ठेवायची, इंटेलच्या प्रक्रियकावर पाच बाइटांची. तिचा अर्थ 'काही करू नकोस, पुढे जा.' कोणी कंदील अडकविला तर त्या पाच बाइटांच्या जागी 'तपासनिसाकडे उडी मार' ही आज्ञा लिहायची. कंदील काढला की पुन्हा निष्क्रिय. ही सोय २०११ च्या आरंभी, २.६.३७ मध्ये आली.

येथवर सारे सुरळीत वाटते. खरी अडचण 'कायमची' या शब्दात आहे, आणि तिच्यामुळेच मला या विषयाची गोडी लागली, कारण ती माझ्या ओळखीची होती.

पीएच.डी.साठी मी ज्ञानेश्वरीवर काम केले. वर्षानुवर्षे टिपणांच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर अध्याय आणि ओवीचा क्रमांक, हाती असलेल्या छापील प्रतीप्रमाणे. पुढे एका विद्यार्थिनीला त्या चिठ्ठ्या वापरायला दिल्या. आठवड्याभराने ती रडवेली होऊन आली. क्रमांक जुळत नव्हते. तिच्याजवळची आवृत्ती वेगळी होती. कोठे तीन ओव्यांनी, कोठे आठ-दहा ओव्यांनी क्रम पुढे-मागे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली, राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळ्या जुन्या पोथीवरून पाठ छापला, आणि प्रतीप्रतीत ओव्यांची एकूण संख्या निराळी, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी जागेचा क्रमांक लिहिला, ओवीचे पहिले शब्द लिहिले नाहीत. चिठ्ठ्या मी पुन्हा तपासल्या. दोन उन्हाळे गेले. तिचा प्रबंध एक वर्ष लांबला, आणि याबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही, हे मला आजही लागते.

आता दुसरी बाजू पाहा. समजा संपादकाला कळले की दोन ओव्या प्रक्षिप्त आहेत. त्या काढाव्यात तर पुढचे सारे क्रमांक सरकतात आणि त्यांवर विसंबलेली शेकडो पुस्तके खोटी ठरतात. न काढाव्यात तर चूक कायम राहते. एकदा क्रमांक छापला की तो संपादकाचा राहत नाही. तो वाचकांच्या मालकीचा होतो.

लिनक्सच्या गाभ्यात नेमके हेच घडले. टोरवाल्ड्स यांचा एक कडक नियम आहे: गाभ्यात काहीही बदला, पण त्यावर चालणारा कोणाचा कार्यक्रम मोडता कामा नये. खुंट्यांना हा नियम लागू आहे की नाही, हे स्पष्ट नव्हते. खुंट्या तर तपासणीसाठी, त्यांचा कसला करार, असे अनेकांना वाटे. प्रत्येक खुंटीवरून मिळणाऱ्या नोंदीच्या आरंभी काही ठरावीक रकाने असत. त्यांपैकी चार बाइटांचा एक रकाना गाभ्यातील एका जुन्या, सर्वव्यापी कुलुपाविषयी माहिती देई. ते कुलूप काढून टाकण्यासाठी लोक अनेक वर्षे झटत होते, आणि २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत, ते अखेर नाहीसे झाले. कुलूप गेले म्हणून त्याचा रकानाही काढला, तोच 'पॉवरटॉप' हा कार्यक्रम बंद पडला. मांडीवरच्या संगणकाची वीज कोण खाते हे दाखविणारा हा लोकप्रिय कार्यक्रम खुंट्यांच्या नोंदी वाचत असे, आणि अमुक माहिती अमुकाव्या बाइटावर आहे असे गृहीत धरून वाचत असे. माझ्या चिठ्ठ्यांसारखेच! नियमाप्रमाणे रकाना परत आणावा लागला. आता त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. प्रत्येक नोंदीत चार बाइटांची रिकामी जागा, केवळ पुढचे क्रमांक सरकू नयेत म्हणून.

माझ्या विद्यार्थ्याने ही हकिकत सांगितली तेव्हा मी पॉवरटॉपच्या बाजूने होतो. तो नव्हता. त्याचे म्हणणे असे की चार बाइट ही क्षुल्लक बाब आहे, खरी किंमत भीतीची आहे. या प्रसंगानंतर गाभ्यातील काही भागांचे सांभाळकर्ते खुंट्या ठोकू देईनात. फाइलव्यवस्थेचा पाया सांभाळणारे अल विरो यांचा विरोध तर प्रसिद्धच आहे. आज खुंटी ठोकली आणि उद्या कोणी तिच्यावर घर बांधले, तर परवा भिंत पाडून नवी बांधायचे स्वातंत्र्य गेले. म्हणजे करार फार पवित्र मानला तर खुंट्याच मिळत नाहीत, आणि पाहणारा पुन्हा अंधारात. मी बराच विचार केला. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे मान्य करतो, तरी विद्यार्थिनीचा रडवेला चेहरा मला विसरता येत नाही.

व्यवहारात यावर तडजोडी निघाल्या आहेत. पहिली पॉवरटॉपनेच स्वीकारली: बाइटांचे क्रमांक पाठ न करता, गाभा प्रत्येक खुंटीबरोबर जो नोंदीचा आराखडा प्रसिद्ध करतो तो आधी वाचायचा, रकाना नावाने शोधायचा, मग माहिती घ्यायची. ओवीचे पहिले शब्द लिहिण्यासारखेच हे. दुसरी तडजोड कामवाटपाच्या भागात दिसते. तेथे २०१९ पासून काही खुंट्या केवळ आतल्या बाजूला ठोकल्या आहेत. बाहेरच्या यादीत त्यांचे नाव नाही. ज्याला हव्या त्याने स्वतः जोडणी करावी, मोडली तर तक्रार करू नये. तिसरी म्हणजे 'ईबीपीएफ' हे साधन. २०१४ पासून ते विकसित होत गेले, आणि त्यातून गाभ्यात छोटे तपासनीस पाठविता येतात. आत सोडण्यापूर्वी प्रत्येकाची झडती होते, आणि गाभ्यातील रचनांची वर्णने सोबत ठेवल्यामुळे रकाना सरकला तरी तपासनीस तो शोधून काढतो. रकाना अजिबात नाहीसाच झाला तर अर्थात त्याचाही उपाय चालत नाही.

आणि कायमचे म्हणावे असे फार थोडे असते. सुपर्णा भट्टाचार्य यांनी घातलेली ती भर, जिचे मी वर कौतुक केले, २०१८ च्या आरंभी आलेल्या ४.१५ या आवृत्तीत वापरातून काढण्यात आली, कारण तेच काम इतर साधने अधिक चांगले करू लागली होती. शिरोभागीच्या नोंदीत त्यांचे नाव मात्र आहे.

गेल्या दिवाळीत विद्यार्थ्याने ओसरीवर आपले यंत्र उघडून मला हे प्रत्यक्ष दाखविले. खुंट्यांची यादी पडद्यावर आली. हजाराहून अधिक नावे, विषयवार लावलेली. काम बदलण्याच्या खुंटीला त्याने कंदील अडकविला. क्षणात ओळी धावू लागल्या: कोणते काम थांबले, कोणते सुरू झाले, कोणत्या प्रक्रियकावर, सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत वेळ. आम्ही दोघे स्वस्थ बसलो होतो आणि आत एवढी वर्दळ चालली होती. त्याने कंदील काढला, ओळी थांबल्या. मी त्याला त्या चार रिकाम्या बाइटांविषयी विचारले. त्याने एका खुंटीचा आराखडा उघडला आणि आरंभीचे रकाने मला मोजायला लावले. प्रकार, खुणा, एक गणती आणि कामाचा क्रमांक; चार रकाने, एकूण आठ बाइट. रिकामी जागा तेथे नव्हती. सुधारलेला पॉवरटॉप लोकांच्या यंत्रांवर पोहोचल्यावर ती कोणाचेही काही न मोडता काढून टाकली गेली होती.